शिरगणती आणि शेजार

फेब्रुवारी १९४८. कराचीत पाकिस्तानच्या संविधान सभेचे अधिवेशन भरले होते. पूर्व बंगालमधील कुमिल्ल्याचे प्रतिनिधी धीरेंद्रनाथ दत्त यांनी कामकाजाच्या नियमांना एक छोटी दुरुस्ती सुचवली: इंग्रजी व उर्दू यांच्या बरोबरीने सभेत बंगालीचाही वापर करता यावा. त्यांच्या युक्तिवादाचा कणा होता एक आकडा. देशाची लोकसंख्या सहा कोटी नव्वद लाख. त्यांतले चार कोटी चाळीस लाख लोक बंगाली बोलतात. त्याला जोडून त्यांनी एक साधे चित्र उभे केले. ढाक्यात शिकणाऱ्या मुलाला पैसे पाठवायला गरीब शेतकरी खेड्यातल्या टपालकचेरीत जातो आणि त्याच्या हाती पडणारा मनीऑर्डरचा छापील कागद त्याला वाचता येत नाही.

पंतप्रधान लियाकत अली खान यांनी ही सूचना ठामपणे फेटाळली. पाकिस्तान हे मुस्लिम राष्ट्र असून त्याची सामाईक भाषा उर्दूच असली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. दत्तांचा आकडा त्यांनी खोडून काढला नाही. त्यांनी त्याची दखलच घेतली नाही.

शेजारी देशांच्या आर्थिक व लोकसंख्याविषयक निर्देशकांची तुलना हा विषय आपल्याकडे सहसा वर्तमानपत्री चौकटींत किंवा अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत आढळतो. उत्पन्न अमुक, जननदर तमुक, आपला क्रमांक इतकावा. प्रस्तुत लेखात या तुलनेकडे इतिहास म्हणून पाहण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी पाकिस्तान व बांगलादेश ही जोडी निवडण्याचे कारण उघड आहे. हे दोन देश चोवीस वर्षे एकच देश होते, आणि त्या काळात त्यांची परस्परांशी तुलना करणे हीच एक राजकीय कृती होती. तुलना कोण करतो, कोणाला ती करू दिली जात नाही आणि मोजलेल्या माणसाला त्या मोजणीतून काय मिळते, हे प्रश्न या जोडीच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसतात तितके क्वचितच दिसतात.

१. बरोबरीचे गणित

१९५१ च्या खानेसुमारीत पूर्व बंगालची लोकसंख्या सुमारे ४ कोटी २० लाख भरली, पश्चिम पाकिस्तानची सुमारे ३ कोटी ३७ लाख. म्हणजे देशातली पंचावन्न टक्के माणसे पूर्वेकडे राहत होती. राजधानी, लष्कर आणि वरिष्ठ नोकरशाही मात्र पश्चिमेच्या हाती होती. प्रौढ मतदानाच्या तत्त्वावर निवडणूक झाली असती, तर संसदेत बंगाली प्रतिनिधींचे बहुमत अटळ होते. राज्यघटना तयार व्हायला पाकिस्तानला नऊ वर्षे लागली, त्यामागे हे गणित हे एक मोठे कारण होते.

त्यावर शोधलेल्या तोडग्याचे नाव होते 'समता'. ऑक्टोबर १९५५ मध्ये पंजाब, सिंध, सरहद्द प्रांत, बलुचिस्तान आणि तिथली संस्थाने यांना एकत्र करून 'पश्चिम पाकिस्तान' नावाचा एकच प्रांत निर्माण करण्यात आला. १९५६ च्या घटनेने तीनशे जागांची राष्ट्रीय सभा योजली व दोन्ही भागांना प्रत्येकी दीडशे जागा दिल्या. समता हा शब्द किती न्याय्य वाटतो! पण १९५१ च्या आकड्यांशी ताडून पाहिले, तर पश्चिमेकडील चार माणसांच्या बरोबरीला पूर्वेकडील पाच माणसे धरली गेली होती. प्रांतांची समता राखण्यासाठी माणसांची समता मोडली होती.

साहित्याच्या अभ्यासकाने इथे थोडे थांबावे. राजकीय भाषेत अन्याय पुष्कळदा अन्यायाच्या नावाने येत नाही. एखाद्या उदात्त शब्दाचे बोट धरून येतो. 'समता' हा शब्द येथे संख्येला गप्प बसवण्यासाठी वापरला गेला. दत्तांच्या चार कोटी चाळीस लाखांची आठ वर्षांपूर्वी दखल घेतली गेली नव्हती. आता घटनेनेच तो आकडा निष्प्रभ केला.

२. दोन अर्थव्यवस्था

माणसे मोजण्याचा प्रश्न असा मिटवल्यावर पैसे मोजण्याचा प्रश्न पुढे आला. फाळणीच्या वेळी जगातला उत्तम ताग पूर्व बंगालच्या शेतांत पिकत होता आणि तागाच्या गिरण्या कलकत्त्याच्या परिसरात, म्हणजे आता परदेशात होत्या. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडापाठोपाठ भारताने आपल्या रुपयाचे अवमूल्यन केले. पाकिस्तानने केले नाही. दोन्ही देशांतला व्यापार ठप्प झाला आणि तागाचा शेतकरी मध्येच अडकला. पुढे नारायणगंजला आदमजी गिरणी १९५१ मध्ये सुरू झाली व पूर्वेकडे तागउद्योग उभा राहिला; परंतु त्याची मालकी बहुतांशी पश्चिमेकडून आलेल्या भांडवलदारांकडे होती.

चढ्या विनिमय दराचे कार्य समजून घेण्यासारखे आहे, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. ताग परदेशी विकला की डॉलर व पौंड मिळत. ते सरकारजमा होत आणि शेतकऱ्याच्या वाट्याला ठरलेल्या दराने रुपये येत. रुपयाचा दर कृत्रिमरीत्या चढा असल्याने ते रुपये कमी भरत. त्याच दराने ज्याला आयात परवाना मिळे त्या कारखानदाराला मात्र परदेशी यंत्रे स्वस्तात पडत. परवाने कराचीत वाटले जात. पन्नास व साठच्या दशकांत पाकिस्तानच्या निर्यात-उत्पन्नातला निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा पूर्वेचा होता. आयातीतला तिचा वाटा एक तृतीयांशाहूनही कमी होता. कोणी कोणाच्या खिशात हात घातला असे दिसत नव्हते, तरीही नदीकाठच्या शेतातला पैसा कराचीच्या कारखान्यापर्यंत पोहोचत होता.

या प्रवाहाला शब्द दिले ते ढाका विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी. १९५६ मध्ये पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या मसुद्यावर विचार करायला पूर्व पाकिस्तानातले अर्थतज्ज्ञ ढाक्यात एकत्र आले. मधे हजार मैलांहून अधिक परका प्रदेश, मजुराला एका भागातून दुसऱ्या भागात कामाला जाता येत नाही. तेव्हा हा देश प्रत्यक्षात दोन अर्थव्यवस्थांचा आहे असे धरूनच योजना आखली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९६१ मध्ये रेहमान सोभान या तरुण प्राध्यापकाने हा विचार जाहीरपणे मांडला, तेव्हा लष्करशहा अयूब खान यांनी पाकिस्तानची अर्थव्यवस्था एकच आहे असे ठासून सांगितले. दोन भागांच्या उत्पन्नाची तुलना करणे हे राष्ट्रनिष्ठेच्या विरुद्ध मानले जाऊ लागले.

मराठी वाचकाला हा वाद कुठेतरी ओळखीचा वाटेल. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेल्या दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ सालासाठी ब्रिटिश हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न वर्षाला सुमारे वीस रुपये काढले होते आणि तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी त्याची तुलना केली होती. स्वतंत्र माणसाचे उत्पन्न कैद्याच्या पोषणखर्चालाही पुरत नाही, हा निष्कर्ष कोणत्याही भाषणापेक्षा जहाल होता. संपत्तीच्या निःसारणाचा त्यांचा सिद्धान्त साम्राज्याविरुद्ध रचला गेला होता. तोच सिद्धान्त नव्वद वर्षांनी एका स्वतंत्र राष्ट्राच्या पोटात, त्याच्याच राजधानीविरुद्ध पुन्हा उभा राहिला. आकडा हे दुबळ्याचे शस्त्र होऊ शकते, याची ही दोन उदाहरणे.

शस्त्राला धार मिळाली ती सरकारी कागदांतूनच. चौथ्या पंचवार्षिक योजनेसाठी नेमलेल्या सल्लागार गटांचे अहवाल १९७० मध्ये तयार झाले. त्यांनुसार १९५९-६० मध्ये पश्चिमेचे दरडोई उत्पन्न पूर्वेपेक्षा ३२ टक्क्यांनी अधिक होते. १९६९-७० मध्ये ते ६१ टक्क्यांनी अधिक झाले. ज्या दशकाला अयूब खान यांच्या राजवटीने 'विकासाचे दशक' म्हणून गौरवले, त्याच दशकात दरी जवळजवळ दुप्पट झाली होती. शेख मुजीबुर रहमान यांनी १९६६ मध्ये लाहोरला मांडलेल्या सहा कलमांत दोन्ही भागांसाठी वेगळे चलन, निदान पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारे भांडवल रोखण्याची तजवीज, परकीय चलनाचे वेगळे हिशेब आणि करआकारणीचे अधिकार या मागण्या होत्या. राजकीय स्वातंत्र्याच्या या जाहीरनाम्याची भाषा बरीचशी हिशेबाच्या वहीची होती.

३. नियोजनकाराचे मतांतर

या कथेत महबूब उल हक या गृहस्थांचे स्थान विलक्षण आहे. पन्नासच्या दशकाच्या मध्यास केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या तरुणांत हक, रेहमान सोभान आणि अमर्त्य सेन हे समकालीन होते. हक पाकिस्तानच्या योजना आयोगात गेले. १९६३ मधल्या आपल्या पुस्तकात त्यांनी गरीब देशाने आधी वाढीचा विचार करावा, वाटपाचा प्रश्न नंतरसाठी ठेवावा अशी भूमिका घेतली होती. विषमतेतून बचत, बचतीतून गुंतवणूक, असा तो हिशेब होता. पाच वर्षांनी, १९६८ च्या एप्रिलमध्ये कराचीतल्या भाषणात याच हक यांनी देशाची सुमारे दोन तृतीयांश औद्योगिक मालमत्ता बावीस घराण्यांच्या हाती एकवटल्याचे सांगितले. 'बावीस घराणी' हा शब्दप्रयोग सभासभांतून घोषणेसारखा फिरला. अयूब खान यांची राजवट पुढच्या वर्षी, १९६९ मध्ये कोसळली.

त्यानंतर आलेल्या याह्या खान यांनी पश्चिमेचा एकत्रित प्रांत मोडला आणि समतेचे तत्त्व सोडून 'एक माणूस, एक मत' हे तत्त्व स्वीकारले. राष्ट्रीय सभेच्या तीनशे सर्वसाधारण जागांपैकी १६२ पूर्वेला मिळाल्या. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात पूर्वेच्या किनाऱ्यावर काही लाख माणसे मेली आणि केंद्र सरकारचे मदतकार्य इतके संथ होते की, आपली गणना या देशात होते की नाही, हा प्रश्न बंगाली माणसाच्या मनात उघडपणे उभा राहिला. डिसेंबरच्या निवडणुकीत अवामी लीगने त्या १६२ पैकी १६० जागा जिंकल्या. तेवीस वर्षे टाळलेले बहुमत एका दिवसात प्रत्यक्षात उतरले. सत्तांतर झाले नाही. मार्च १९७१ मध्ये लष्करी कारवाई झाली. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. कुमिल्ल्याच्या घरातून लष्कराने नेलेल्या व परत न आलेल्या माणसांत वृद्ध धीरेंद्रनाथ दत्तही होते.

४. तळ नसलेली टोपली

डिसेंबर १९७१ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका सरकारी बैठकीत नव्या देशाविषयी बोलताना एका अमेरिकी अधिकाऱ्याने 'बास्केट केस' हा शब्द वापरला. बैठकीत हेन्री किसिंजर होते आणि पुढे तो शब्द त्यांच्याच नावावर रूढ झाला. पहिल्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी सैनिकी बोलीत या शब्दाचा अर्थ हातपाय गमावलेला, दुसऱ्याने उचलूनच न्यावा लागणारा माणूस. बंगालीत त्याचे भाषांतर झाले 'तलाबिहीन झुडि', म्हणजे तळ नसलेली टोपली: कितीही भरा, सारे खालून गळून जाते. भाषांतर चुकीचे, पण त्या चुकीतून एका राष्ट्राला आपल्या अपमानाची स्वतःची प्रतिमा मिळाली, आणि पुढची पन्नास वर्षे बांगलादेशाने प्रत्येक यशाच्या वेळी या टोपलीची आठवण काढली.

त्या वेळचे आकडे टोपलीच्या बाजूनेच बोलत होते. १९७४ च्या खानेसुमारीत ७ कोटी १५ लाख माणसे मोजली गेली. एका स्त्रीला सरासरी सहा-सात मुले होत. त्याच वर्षी दुष्काळ पडला. बांगलादेशाने क्यूबाला तागाची पोती विकली या कारणावरून अमेरिकेने अन्नधान्याची मदत रोखून धरली होती. ज्या तागाने पाकिस्तानला कारखाने दिले, त्याच तागाने असा घात केला. सेन यांनी १९८१ च्या आपल्या दुष्काळविषयक ग्रंथात दाखवले की, देशातली दरडोई धान्य-उपलब्धता १९७४ मध्ये आसपासच्या वर्षांपेक्षा अधिकच होती. धान्य होते, मजुरी बुडालेल्या माणसाकडे ते विकत घेण्याची ताकद नव्हती. सरासरीच्या आकड्याने भुकेला माणूस झाकला जातो, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच सिद्ध झाले असेल. १९७६ मध्ये फालँड आणि पार्किन्सन या दोन अर्थतज्ज्ञांनी बांगलादेशाला विकासाची कसोटी म्हटले. मथितार्थ असा की, येथे विकास होऊ शकला तर तो जगात कुठेही होऊ शकेल.

५. उंबरठ्यापर्यंत आलेली बाई

कसोटी उतरली ती अनपेक्षित मार्गाने. ढाक्याच्या दक्षिणेकडच्या मतलब या भागात कॉलऱ्यावर संशोधन करणारी प्रयोगशाळा साठच्या दशकापासून घरोघरचे जन्म, मृत्यू व स्थलांतरे नोंदवत होती. १९७७ मध्ये तिथे एक प्रयोग सुरू झाला. गावातल्याच, थोडे शिकलेल्या, लग्न झालेल्या तरुण स्त्रिया ठराविक काळाने प्रत्येक घरी जात, बाईशी बोलत, तिला साधनांचे पर्याय देत आणि त्रास झाला तर पुन्हा येत. बाहेर पडण्याची मुभा नसलेल्या स्त्रीच्या उंबरठ्यापर्यंत ही सेवा पोहोचली. शेजारच्या तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा या गावांत जननदर वेगाने उतरला. साक्षरता नाही, उत्पन्न नाही, तरीही स्त्रियांना कमी मुले हवी होती. त्यांना कोणी विचारले नव्हते इतकेच.

याच काळात भारतात काय चालले होते? १९७४ मध्ये बुखारेस्टच्या जागतिक लोकसंख्या परिषदेत भारताचे आरोग्यमंत्री करण सिंह यांनी विकास हेच उत्तम संततिनियमन असल्याचे सांगितले होते. दोन वर्षांत आणीबाणीतला भारत त्याच्या अगदी उलट दिशेला गेला. १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळात संमत करणारे पहिले राज्य महाराष्ट्र होते, हे आपण विसरता कामा नये. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते कायदा झाले नाही. बांगलादेशाचा कार्यक्रमही निष्कलंक नव्हता; शस्त्रक्रियेसाठी पैसे व लुगडे देण्याच्या प्रथेवर ऐंशीच्या दशकात रास्त टीका झाली. तरीही त्याचा मुख्य आधार घरी येणारी बाई हाच राहिला. पाकिस्तानात अयूब खान यांच्या काळात सुरू झालेला कुटुंबनियोजनाचा मोठा कार्यक्रम १९७७ नंतर जनरल झिया यांच्या राजवटीत क्षीण झाला.

मुले जगतील असा भरवसा आला, की जन्म कमी होतात. जलसंजीवनीच्या चाचण्या १९६८ मध्ये ढाक्याच्या त्याच प्रयोगशाळेत झाल्या होत्या. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ती मोठ्या प्रमाणावर वापरून असंख्य प्राण वाचवले. फझले हसन आबेद यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या ब्रॅक या संस्थेच्या स्त्री-कार्यकर्त्यांनी १९८० ते १९९० या दशकात एक कोटीहून अधिक घरांत जाऊन चिमूटभर मीठ, मूठभर गूळ व अर्धा शेर पाणी हे माप आयांना शिकवले. कार्यकर्तीचा मोबदला आईला ते किती नीट समजले यावर अवलंबून असे. पुढे १९९४ पासून ग्रामीण भागातल्या मुलींना माध्यमिक शाळेसाठी विद्यावेतन मिळू लागले. १९७९ मध्ये 'देश' या कंपनीने तयार कपड्यांचे काम शिकायला १३० जणांना दक्षिण कोरियात पाठवले होते. त्यातून उभ्या राहिलेल्या उद्योगाने पुढे लाखो स्त्रियांना स्वतःचा पगार दिला. २००२ मध्ये आदमजी तागगिरणी बंद पडली, तेव्हा देशाची निर्यात तागावरून कपड्यांवर केव्हाच गेली होती.

६. उलटलेला तराजू

आता तराजू पुन्हा पाहू. पाकिस्तानच्या १९७२ च्या खानेसुमारीत ६ कोटी ५३ लाख माणसे होती, बांगलादेशाहून कमी. २०२३ च्या गणनेत ती २४ कोटी १५ लाख झाली. बांगलादेशाची २०२२ मधली दुरुस्त संख्या सुमारे १७ कोटी. एक साडेतीन पटींहून अधिक वाढला, दुसरा सव्वादोन पटींहून थोडा अधिक. पाहणीनुसार पाकिस्तानचा जननदर २०१७-१८ मध्ये ३.६ होता, बांगलादेशाचा २०११ पासूनच २.३ वर आला होता, भारताचा २०१९-२१ मध्ये २.० झाला. ज्या पश्चिमेला बंगाल्यांच्या संख्येची भीती वाटत होती, ती आज संख्येने बंगाल्यांच्या कितीतरी पुढे आहे. आणि दरडोई उत्पन्नात २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बांगलादेश पाकिस्तानच्या पुढे गेला. दरडोई उत्पन्न हा भागाकार आहे, आणि येथे भाज्य व भाजक दोन्हींनी आपापले काम केले.

भारतासाठीही यात आरसा आहे. द्रेझ आणि सेन यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की, १९९० ते २०११ या काळात भारताचे दरडोई उत्पन्न बांगलादेशाच्या दीडपटीच्या थोडे पुढून सुमारे दुपटीवर गेले. त्याच काळात आयुर्मानात मागे असलेला बांगलादेश चार वर्षांनी पुढे गेला. उत्पन्न व जगणे यांची फारकत इतकी होऊ शकते. म्हणूनच ऑक्टोबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्या वर्षी बांगलादेशाचे दरडोई उत्पादन १,८८८ डॉलर व भारताचे १,८७७ डॉलर राहील असा अंदाज वर्तवला, तेव्हा आपल्याकडे उठलेला गदारोळ मला चुकीच्या जागी वाटला. अकरा डॉलरचा तो फरक साथीच्या वर्षातला, चालू विनिमय दराचा होता. क्रयशक्तीच्या मापाने भारत पुढेच होता. ज्या फरकाने खरोखर अस्वस्थ व्हायला हवे होते, तो आयुष्याच्या वर्षांचा होता, आणि तो कित्येक वर्षे आधीच समोर होता. तो कमी बोलका होता, कारण त्याच्यापुढे डॉलरचे चिन्ह नव्हते.

हे व्यंग महबूब उल हक यांनी ओळखले होते. १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे त्यांनी पहिला मानव विकास अहवाल काढला आणि उत्पन्न, आयुर्मान व शिक्षण यांची गोळाबेरीज करणारा एकच निर्देशांक त्यात मांडला. मानवी जीवनाची समृद्धी एका संख्येत बसवणे सेन यांना भाबडे वाटले होते. हक यांचे उत्तर असे की, राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्याला हटवायचे तर त्याच्याइतकाच ओबडधोबड, पण माणसाच्या जगण्याबाबत त्याच्याइतका आंधळा नसलेला दुसरा आकडा हवा. १९६३ मध्ये वाटपाचा प्रश्न पुढे ढकलणाऱ्या नियोजनकाराने सत्तावीस वर्षांनी केलेली ही दुरुस्ती होती. २०२५ च्या अहवालात भारत व बांगलादेश एकाच, १३० व्या क्रमांकावर आहेत. निर्देशांकाच्या जनकाचा पाकिस्तान १६८ व्या क्रमांकावर आहे.

७. दागिना झालेला आकडा

ही कथा येथे थांबवली, तर ती सत्प्रवृत्तीच्या विजयाची बोधकथा होईल. इतिहास तितका आज्ञाधारक नसतो. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या साभारमध्ये राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले असूनही कामगारांना आत बोलावले होते. निर्यातीचा आकडा वाढत राहिला पाहिजे, हे दडपण त्या भिंतींवरही होतेच.

आणि मग आकडाच दागिना झाला. शेख हसीना यांच्या प्रदीर्घ कारकिर्दीत वाढीचा दर हे राजवटीचे मुख्य समर्थन बनले. निवडणुकांचे काय झाले असे विचारले, की विकासाचे आकडे पुढे केले जात. जुलै २०२४ मध्ये देशाच्या मध्यवर्ती बँकेने निर्यातीची आकडेवारी दुरुस्त केली, तेव्हा ती १० अब्ज डॉलरहून अधिक रकमेने फुगलेली असल्याचे उघड झाले. ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांच्या उठावाने सरकार पडले. डिसेंबर २०२४ मध्ये अर्थतज्ज्ञ देबप्रिय भट्टाचार्य यांच्या समितीने श्वेतपत्रिका सादर केली. वाढीचे आकडे फुगवून दाखवले गेले, असा तिचा निष्कर्ष होता. ज्या भूमीत दोन पिढ्यांपूर्वी आकडा हे प्रजेचे शस्त्र होते, तिथे तो शासनाची ढाल बनला होता. 'विकासाचे दशक' साजरे करणारे अयूब खान आणि त्यांच्याविरुद्ध लढलेल्या पक्षाच्या वारसदार, दोघेही एकाच मोहात पडले.

यावरून सारे आकडे खोटे असा सोपा निष्कर्ष काढता येणार नाही. जननदर, बालमृत्यू, आयुर्मान यांच्या नोंदी घरोघरच्या स्वतंत्र पाहण्यांतून, मतलबच्या वह्यांतून वर्षानुवर्षे पडताळल्या गेल्या आहेत. ज्या आकड्याची मोजणी माणसाच्या दारापर्यंत जाते आणि जो दुसऱ्याला तपासता येतो, तो टिकतो. जो कचेरीत तयार होऊन कचेरीतच वापरला जातो, तो सत्तेबरोबर बदलतो. पाकिस्तानात १९९१ ची खानेसुमारी घरांच्या फुगवलेल्या नोंदींमुळे रखडली व १९९८ मध्ये झाली, पुढची २०१७ मध्ये. भारताची २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. ती २०२७ साठी जाहीर झाली. लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी १९७६ मध्ये १९७१ च्या लोकसंख्येवर गोठवली गेली आणि २००१ च्या घटनादुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. ज्या राज्यांनी जननदर आधी उतरवला, त्यांना नव्या गणनेत आपले वजन घटण्याची धास्ती वाटते. माणसे मोजायची की प्रांत तोलायचे, हा १९५६ चा पेच वेगळ्या रूपात आपल्या दारात उभा आहे. आपली परिस्थिती वेगळी आहे आणि उत्तरही वेगळे असेल. पण संख्येला एखाद्या उदात्त शब्दाने गप्प बसवण्याचा उपाय टिकत नाही, एवढे तरी त्या इतिहासाने दाखवले आहे.

शेजाऱ्याशी तुलना करताना आपला क्रमांक पाहण्याची सवय सहज सुटणार नाही. सुटावी असेही नाही. दादाभाईंनी कैद्याशी तुलना केली नसती, तर वीस रुपयांचा अर्थ कोणाला कळला असता? फक्त त्या तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला एक साधा प्रश्न विचारावा. कराचीच्या सभागृहात दत्तांनी तो जवळजवळ याच रूपात विचारला होता: एवढ्या कोटींत जो एक धरला आहे, त्या टपालकचेरीतल्या शेतकऱ्याला हातातला कागद वाचता येतो का?